हायड्रोजनची जोडणी आणि इंधनाचा ताळेबंद

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि तालुका पातळीवरील अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



इंधनाचे भाव चढू लागले की इंधन वाचविणाऱ्या उपकरणांची जाहिरात सुरू होते. त्या उपकरणांपैकी एकाविषयी मी आज बोलणार आहे. मोटारीच्या बॉनेटखाली पाण्याची एक पेटी बसवावयाची, तिला बॅटरीच्या तारा जोडावयाच्या, पाण्यापासून हायड्रोजन व प्राणवायू निर्माण करावयाचे आणि ते इंजिनात जाणाऱ्या हवेत सोडावयाचे, अशी ही योजना आहे. एवढ्याने पेट्रोल किंवा डिझेल वीस, तीस, प्रसंगी पन्नास टक्के वाचते, असे विक्रेते सांगतात. पंचायतीचा पाण्याचा टँकर, कचरा वाहणारी गाडी, कार्यालयाची जीप यांच्या इंधनाची बिले ज्यांच्या सहीने मंजूर होतात, त्यांच्यापुढे असा प्रस्ताव केव्हा ना केव्हा येतोच. तेव्हा सही करावी की करू नये, हा तुमच्या दृष्टीने व्यवहाराचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मात्र विज्ञानाच्या आधारेच द्यावे लागते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ही उपकरणे विकणारे सगळेच लबाड असतात, असे माझे म्हणणे नाही. कित्येकांचा आपल्या मालावर मनापासून विश्वास असतो आणि वापरणाऱ्यांपैकीही पुष्कळजण शपथेवर सांगतात की आपला खर्च खरोखर कमी झाला. म्हणूनच या वादाचा निकाल कोणाच्या प्रामाणिकपणावर लावता येत नाही. तो हिशेबावर आणि मोजमापावर लावावा लागतो.

कल्पना जुनी आहे

पाण्यातून वीज नेली असता त्याचे हायड्रोजन व प्राणवायू असे पृथक्करण होते, हे इंग्लंडमध्ये निकल्सन आणि कार्लाइल यांनी १८०० साली दाखविले. किती विजेने किती वायू सुटतो, याचा नियम मायकेल फॅरडे यांनी १८३० नंतरच्या दशकात घालून दिला. हायड्रोजनवर इंजिन चालविण्याचा प्रयत्न स्वित्झर्लंडच्या द रिवाझ यांनी १८०७ च्या सुमारास केला होता. अमेरिकेतील टेक्सास राज्यात डल्लस येथील चार्ल्स गॅरेट यांना १९३५ साली विद्युत् अपघटनावर चालणाऱ्या कार्बुरेटरचे पेटंटही मिळाले.

येथे अधिकारी मित्रांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पेटंट मिळाले म्हणजे उपकरण उपयुक्त ठरले, असे नाही. कल्पना नवी आहे, एवढ्यापुरताच मुख्यत्वे पेटंटचा अर्थ असतो. तीस टक्के बचत होते की नाही, हे पेटंट कार्यालय मोटार चालवून पाहात नाही.

१९७३ साली तेलटंचाई आली आणि या कल्पनेला नवा बहर आला. २००८ च्या जुलैमध्ये खनिज तेलाचा भाव पिंपाला १४७ डॉलरपर्यंत गेला, तेव्हा अमेरिकेत अशा पेट्यांचा आणि त्या घरी कशा बनवाव्यात हे सांगणाऱ्या पुस्तिकांचा सुळसुळाट झाला. भाव उतरले की ही लाट ओसरते आणि भाव चढले की पुन्हा येते. इंजिनाच्या शास्त्रापेक्षा आपल्या खिशाच्या चिंतेशी तिचे नाते अधिक जवळचे आहे.

जमा आणि खर्च

आता प्रत्यक्ष हिशेब मांडू. पंचायतीचा जमाखर्च पाहणाऱ्याला तो सहज समजेल.

समजा, बारा व्होल्टच्या बॅटरीवर वीस अँपिअर प्रवाह घेणारी सहा कप्प्यांची पेटी आहे. फॅरडेच्या नियमाप्रमाणे एका कप्प्यात एक अँपिअर प्रवाह तासभर वाहिला तर सुमारे ०.४२ लीटर हायड्रोजन सुटतो. म्हणजे या पेटीतून तासाला जास्तीत जास्त ५० लीटर हायड्रोजन आणि २५ लीटर प्राणवायू मिळेल. पन्नास लीटर ही संख्या ऐकावयास मोठी वाटते. परंतु हायड्रोजन हा सर्वांत हलका वायू आहे. त्या पन्नास लीटरचे वजन भरते अवघे साडेचार ग्रॅम. एक किलो हायड्रोजनमध्ये सुमारे १२० मेगाजूल ऊर्जा असते. त्या हिशेबाने साडेचार ग्रॅमची ऊर्जा ०.५४ मेगाजूल झाली. एक लीटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाजूल ऊर्जा असते. तेव्हा या पेटीने तासाभरात दिलेला हायड्रोजन १७ मिलिलीटर पेट्रोलच्या बरोबरीचा ठरतो. ही झाली जमेची बाजू.

आता खर्च पाहू. पेटीला २४० वॅट वीज लागली, म्हणजे तासाभरात सुमारे ०.८६ मेगाजूल. ही वीज आल्टर्नेटर देतो आणि आल्टर्नेटरला इंजिन पट्ट्याने फिरविते. आल्टर्नेटरची कार्यक्षमता साठ टक्के धरली तर इंजिनाला त्यासाठी १.४४ मेगाजूल काम करावे लागते. पेट्रोल इंजिन इंधनातील ऊर्जेपैकी साधारणपणे पंचवीस टक्केच कामाच्या रूपाने देते. म्हणजे ५.७६ मेगाजूल, अर्थात १८० मिलिलीटर पेट्रोल या विजेपायी जळाले. इंजिन आधीच चालू असता हा जादा भार त्याला थोडा स्वस्त पडतो, हा आक्षेप मान्य करून उदारपणे चाळीस टक्के कार्यक्षमता धरू. तरीही खर्च ११० मिलिलीटरच्या खाली येत नाही.

थोडक्यात, सतरा मिलिलीटर मिळविण्यासाठी एकशे दहा ते एकशे ऐंशी मिलिलीटर खर्ची पडले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो हाच प्रकार.

यावर एक ठरावीक उत्तर ऐकावयास मिळते: "आल्टर्नेटर एरव्हीही फिरतच असतो, त्याची वीज फुकटच आहे." हे खरे नाही. आपल्यापैकी अनेकांनी डायनॅमोची सायकल चालविली असेल. डायनॅमो चाकाला टेकवून दिवा लावला की पेडल जड होते, हा अनुभव पायांना चांगला ठाऊक असतो. आल्टर्नेटरचेही तसेच आहे. त्याच्याकडून जितकी अधिक वीज घ्यावी तितके त्याला फिरविणे जड होते आणि तो भार शेवटी इंधनावर पडतो.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर, विहिरीतील पाणी पंपाने टेकडीवर चढवावे, ते खाली सोडून त्यावर चक्र फिरवावे आणि त्या चक्राच्या विजेवर तोच पंप चालवून वर थोडी वीज विकावी, अशी ही मागणी आहे. पाणी हे इंधन नाही. हायड्रोजन जळून गेल्यावर उरते ती राख म्हणजे पाणी. राखेचे पुन्हा लाकूड करावयाचे तर लाकडाने दिली त्याहून अधिक ऊर्जा घालावी लागते. जे आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

वादातील सबळ मुद्दा

विक्रेत्यांपैकी जाणकार मंडळी हा हिशेब नाकारीत नाहीत. त्यांचा युक्तिवाद वेगळा आहे आणि तो नीट ऐकला पाहिजे. ते म्हणतात, "हायड्रोजन आम्ही इंधन म्हणून देत नाही. तो विरजणासारखा आहे. थोडासा पडला की पेट्रोलची ज्योत वेगाने पसरते, ज्वलन पूर्ण होते आणि वाया जाणारे इंधन कामी येते."

यात सत्याचा अंश आहे. हायड्रोजनची ज्योत पेट्रोलच्या ज्योतीपेक्षा कितीतरी वेगाने पसरते. त्यामुळे हवा जास्त व इंधन कमी असे विरळ मिश्रणही इंजिनात नीट पेटू शकते. अमेरिकेच्या नासा या संस्थेने १९७७ साली या विषयावरील प्रयोगांचा अहवाल प्रसिद्ध केला. पेट्रोलमध्ये हायड्रोजन मिसळल्याने ज्योतीचा वेग वाढतो आणि इंजिन अधिक विरळ मिश्रणावर चालविता येते, असे त्यात दिसून आले. हायड्रोजनच्या पेट्या विकणारे या अहवालाचा दाखला आवर्जून देतात. पण त्या प्रयोगांतील हायड्रोजन आला कोठून, हे ते सांगत नाहीत. तो एक तर बाटलीतून आणलेला होता, नाही तर मिथेनॉलवर वाफेची प्रक्रिया करून मिळविलेला होता. इंजिनाच्याच आल्टर्नेटरवर पाणी फोडून तो घेतलेला नव्हता. शिवाय इंजिन विरळ मिश्रणावर चालावे अशी मुद्दाम व्यवस्था केली होती. बाजारातील अनेक प्रशस्तिपत्रांचा आधार असाच निसटता असतो. प्रयोग खरा असतो, पण तो आपल्यापुढील उपकरणाचा नसतो.

आता प्रमाण पाहा. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी आणि लीटरला पंधरा किलोमीटर देणारी मोटार तासाला चार लीटर पेट्रोल जाळते. त्यासाठी ती सुमारे छत्तीस हजार लीटर हवा आत ओढते. एवढ्या हवेत आपल्या पेटीचा हायड्रोजन पन्नास लीटर, म्हणजे हजारात दीड भागाहूनही कमी. विरजण म्हणावयाचे तरी ते फारच थोडे झाले.

दुसरे असे की, वाया जाणारे इंधन म्हणजे न जळलेले इंधन, ही समजूतच चुकीची आहे. चांगल्या स्थितीतील आधुनिक इंजिनात सुमारे अठ्ठ्याण्णव टक्के इंधन जळते. डिझेल इंजिनात तर याहून थोडे अधिकच. ऊर्जा वाया जाते ती उष्णतेच्या रूपाने. साधारण एक तृतीयांश धुराच्या नळीतून आणि जवळजवळ तेवढीच रेडिएटरमधून जाते, काही घर्षणात जाते. ज्वलन शंभर टक्के पूर्ण झाले तरी लाभ दोन टक्क्यांच्या पलीकडे जाणार नाही, आणि पेटीला लागणाऱ्या विजेपायी तेवढे इंधन तर आधीच गेलेले असते. तीस टक्के बचतीला जागाच कोठे उरते?

एप्रिल २०२० पासून भारतात भारत स्टेज सहा हे धूरनियंत्रणाचे मानक लागू झाले. या वाहनांतील संगणक धुरातील प्राणवायू मोजून इंधनाचे प्रमाण क्षणोक्षणी सांभाळतो. काही विक्रेते पेटीबरोबर आणखी एक लहान मंडल देतात. ते प्राणवायूच्या संवेदकाकडून येणारा संदेश बदलते, म्हणजे संगणकाला फसवून इंधन कमी सोडावयास लावते. अशाने थोडी बचत दिसू शकते, परंतु ती हायड्रोजनची नव्हे. मिश्रण प्रमाणाबाहेर विरळ झाले तर इंजिन अडखळते, धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे वाढण्याचा संभव असतो आणि ती निष्प्रभ करणारे उत्प्रेरक पात्रही आपले काम नीट करू शकत नाही.

मग अनुभव कसे येतात?

येथे कोणी विचारील, "माझ्या गाडीचा सरासरी आकडा बाराचा पंधरा झाला, तो खोटा का?" आकडा खरा असेल. त्याचे कारण मात्र शोधले पाहिजे.

पेटी बसविताना मेकॅनिक सहसा हवेची जाळी साफ करतो, टायरमधील हवा तपासतो, स्पार्क प्लग पाहतो. पैसे खर्च केल्यावर आपणही गाडी जपून चालवितो, वेग आवरतो, ब्रेक कमी मारतो. पूर्वी सरासरी कधी न मोजणारा माणूस आता टाकीकडे लक्ष ठेवू लागतो. उपकरण घेण्याचा विचारही सहसा तेव्हाच सुचतो, जेव्हा गाडी नेहमीपेक्षा वाईट सरासरी देत असते. ती पुढे आपोआप पूर्वपदावर येते आणि श्रेय पेटीला मिळते. शिवाय मोजण्यातील चूक असतेच. दहा लीटर भरून केलेल्या चाचणीत टाकी भरताना अर्ध्या लीटरचा फरक पडला तरी निष्कर्षात पाच टक्क्यांची चूक येते. गाडी जराशी उतारावर उभी असली तरी एवढा फरक पडू शकतो. ज्यांचा खर्च कमी झाला नाही ते मात्र गप्प बसतात. फसलो, असे चारचौघांत कोण सांगणार?

म्हणूनच चाचणी पद्धतशीर हवी. एकच वाहन, एकच चालक, एकच रस्ता आणि तेवढेच ओझे घ्यावे. प्रथम पेटी बंद ठेवून, मग चालू करून आणि पुन्हा बंद करून, अशा अनेक फेऱ्या कराव्यात. पेटी चालू आहे की बंद, हे चालकाला कळता कामा नये. तिचे बटण दुसऱ्याच्या हाती असावे. याहून उत्तम म्हणजे प्रयोगशाळेतील फिरत्या रुळांवर केलेली चाचणी. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था वाहनांच्या अशा चाचण्यांसाठी सर्वत्र परिचित आहे.

अमेरिकेत १९७३ च्या टंचाईनंतर कायद्याने अशी तपासणी पर्यावरण संरक्षण संस्थेकडे सोपविण्यात आली. त्या संस्थेने शंभराहून अधिक नाना प्रकारच्या इंधनबचत उपकरणांचे मूल्यमापन केले. इंधनाच्या खर्चात लक्षणीय बचत करणारे उपकरण त्यांत आढळले नाही. काही उपकरणांनी इंजिनाची हानी होते किंवा धूर वाढतो, असा इशारा तेथील व्यापार आयोगाने ग्राहकांना दिला आहे. निदान पन्नास टक्के अधिक अंतर मिळेल असे सांगून हायड्रोजनची जोडणी विकणाऱ्या न्यू जर्सीतील मंडळींविरुद्ध याच आयोगाने २००९ साली न्यायालयात धाव घेतली. त्याआधी ओहायो राज्यातील स्टॅन्ली मायर यांनी पाण्यावर मोटार चालविण्याचा दावा करून गुंतवणूकदार मिळविले होते. १९९६ साली तेथील न्यायालयाने तो उघड फसवणुकीचा प्रकार ठरवून दोघा गुंतवणूकदारांचे पंचवीस हजार डॉलर परत करावयास लावले.

आपल्या देशातही त्याच १९९६ साली तमिळनाडूतील रामर पिल्लै यांचे वनस्पतीपासूनचे पेट्रोल गाजले होते. वनौषधी आणि पाणी यांपासून पेट्रोल होते, या दाव्याने भल्याभल्यांना मोहिनी घातली. पुढे २०१६ साली चेन्नईच्या न्यायालयाने त्यांना तीन वर्षांची शिक्षा सुनावली. एक साधे मोजमाप वेळीच आणि सर्वांसमक्ष झाले असते, तर कितीतरी लोकांचे पैसे वाचले असते.

खऱ्या हायड्रोजनचे काय?

या सगळ्यावरून हायड्रोजनच निरुपयोगी आहे, असा समज करून घेऊ नये. तसे झाले तर ते देशाच्या दृष्टीने मोठे नुकसान होईल. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली. २०३० पर्यंत वर्षाला पन्नास लाख टन हायड्रोजन निर्माण करण्याची क्षमता उभारावयाची, असे त्याचे उद्दिष्ट आहे. खत कारखाने, तेलशुद्धी आणि पोलाद या उद्योगांत त्याचा उपयोग आहे. दिल्लीत २०२० साली नैसर्गिक वायूत अठरा टक्के हायड्रोजन मिसळून पन्नास बसगाड्या चालविण्याचा प्रयोग हाती घेण्यात आला. या योजनांतील हायड्रोजन बाहेर, कारखान्यात तयार होतो. हरित हायड्रोजनसाठी लागणारी वीज सूर्य किंवा वारा यांपासून घेतली जाते. ज्या इंजिनाला मदत करावयाची त्याच इंजिनाच्या घशातून ती काढून घेतली जात नाही. या एका भेदावर सारा निकाल अवलंबून आहे. बॉनेटखालच्या पेटीने निराश झालेला माणूस उद्या खऱ्या हायड्रोजनकडेही संशयाने पाहू लागेल, ही खरी काळजी आहे.

आपण काय करावे?

अधिकाऱ्यांना आणि पंचायत सदस्यांना माझे सांगणे एवढेच आहे की असा प्रस्ताव आला तर रागावू नये आणि भुलूही नये. तीन गोष्टी लेखी मागाव्यात. पहिली, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा, याच उपकरणाचा व याच प्रकारच्या वाहनावरील चाचणी अहवाल. दुसरी, पेटीला लागणाऱ्या विजेचा खर्च धरून काढलेला निव्वळ बचतीचा आकडा. तिसरी, या जोडणीनंतरही वाहनाची नोंदणी, विमा आणि उत्पादकाची हमी अबाधित राहील याची खात्री. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये वाहनात नोंदणीच्या तपशिलाशी विसंगत असे बदल करण्यास निर्बंध आहे, याचे विस्मरण होऊ नये. सुरक्षिततेचा प्रश्न तर आहेच. हवेत चार टक्क्यांपासून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत हायड्रोजन असला तरी तो पेट घेऊ शकतो आणि अशा पेट्यांत वापरला जाणारा कॉस्टिक पोटॅश कातडी व डोळे भाजतो. केवळ प्रशस्तिपत्रांच्या आधारावर सार्वजनिक पैसा खर्च करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

खरी बचत करावयाची तर तिचे मार्ग साधे आहेत. टायरमध्ये योग्य हवा, वेळेवर देखभाल, उगाच न वाहिलेले ओझे, उभ्या गाडीचे बंद इंजिन आणि आवरलेला वेग. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना ताशी पंचेचाळीस ते पंचावन्न किलोमीटर वेगाचा सल्ला वर्षानुवर्षे देत आली आहे. या उपायांची जाहिरात होत नाही, कारण त्यांत कोणाला काही विकावयाचे नसते.

शिक्षक मित्रांना एक विनंती आहे. विद्युत् अपघटनाचा प्रयोग आपण वर्गात दाखविताच. लहान परीक्षानळीत, आपल्या देखरेखीखाली आणि आगीपासून दूर तो करताना एकदा प्रवाह मोजा, वेळ मोजा, जमलेला वायू मोजा आणि त्याच्या ऊर्जेचा हिशेब मुलांकडून फळ्यावर करवून घ्या. अर्ध्या तासाच्या त्या तासिकेत मुलगा जे शिकेल, ते त्याला पुढे सरपंच झाल्यावर किंवा खुर्चीवर बसल्यावर उपयोगी पडेल. समोरचा माणूस किती आत्मविश्वासाने बोलतो हे न पाहता, जमा किती आणि खर्च किती, असे तो विचारील. हा प्रश्न विचारण्याची सवय गावोगाव लागली, तर अशा पेट्यांविरुद्ध वेगळी मोहीम काढण्याची गरज उरणार नाही.